ग्लो साइन बोर्डातले चोक पुन्हा पुन्हा का जळतात

दुकानाबाहेरच्या ग्लो साइन बोर्डातला चोक, म्हणजे ट्यूबचा करंट आवरणारा भाग, एकदा जळला तर चोकातच खोट असेल असं म्हणता येतं. त्याच जागी दुसरा गेला, मग तिसराही गेला, तर खोट पेटीत आहे, वायरिंगमध्ये आहे किंवा खांबावरून येणाऱ्या व्होल्टेजमध्ये आहे. तरीही आमच्याकडे, परभणी असो, जालना असो की लातूर, दुरुस्ती ठरलेली: शिडी लावा, जुना काढा, नवा टाका, पैसे घ्या. दुकानदाराचीही तक्रार नसते, कारण त्याला दिवेलागणीच्या आत बोर्ड पेटलेला हवा असतो. दसरा-दिवाळीच्या तोंडावर तर कारण शोधायची गोष्ट काढली की शेठ तोंड फिरवतात.

नवे बोर्ड आता एलईडीचेच होतात, हे खरं. पण पत्र्याच्या पेटीचे, दोन्ही बाजूंनी फ्लेक्स किंवा ॲक्रिलिक लावलेले, आत चार फुटी ट्यूबांची रांग असलेले बोर्ड मोंढ्यात, बसस्टँडसमोर, तालुक्याच्या मेडिकलवर अजून भरपूर उभे आहेत. पेटी भक्कम आहे, फक्त चोक टिकत नाहीत. हे लिखाण त्या बोर्डांसाठी आहे.

शिडीच्या आधी एक प्रश्न

दुकानदाराला "काय झालं?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "बोर्ड बंद पडला" एवढंच येणार. "कधी बंद पडला?" असं विचारा. उन्हाळ्यात की पावसात, संध्याकाळी लावतानाच की मध्यरात्रीनंतर, सगळ्या ट्यूब एकदम की एकेक करून? शेजारच्या दुकानातलं काही त्याच दिवशी जळलं का? या उत्तरांवरून अर्धं निदान जमिनीवर उभं राहूनच होतं.

सगळे चोक एकाच रात्रीत गेले असतील तर बोर्ड उघडायच्या आधी न्यूट्रल बघायचा. एकेक करून पण नेहमी वरच्या ओळीतलेच जात असतील तर उष्णता. नेहमी खालचे किंवा एकाच कोपऱ्यातले जात असतील तर पाणी. पाऊस पडला की एमसीबी (करंट जास्त झाला की तोडणारा स्विच) किंवा आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की तोडणारा स्विच) पडते आणि ऊन पडलं की आपोआप टिकते, तर गळती. सात वाजता पेटत नाही, दहानंतर झकास पेटतो, तर व्होल्टेज कमी. आणि स्विच बंद केल्यावरही ट्यूब मंद लुकलुकत असतील तर फेजऐवजी न्यूट्रलवर स्विच बसलाय. हा शेवटचा दोष लोक गमतीनं दाखवतात, "बघा, बंद असून पेटतोय!" त्यात गंमत काही नाही. स्विच बंद असताना पेटीतली प्रत्येक वायर जिवंत आहे, असा त्याचा अर्थ. शिडीवर चढलेल्या माणसाचा जीव अशाच ठिकाणी जातो. म्हणून स्विचवर किंवा टायमरवर विसंबू नका. टायमर बहुतेक वेळा एकच तार तोडतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी डबल पोल एमसीबी पाडा, आणि पेटीच्या तोंडाशी टेस्टरनं नव्हे, टेस्ट लॅम्पनं फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असं तिन्हीकडे तपासा, मगच हात घाला.

न्यूट्रल: सगळ्यात महागात पडणारा दोष

थ्री फेज कनेक्शनच्या कॉम्प्लेक्समध्ये तीन फेजवर तीन वेगवेगळ्या प्रकारचा लोड असतो. एका फेजवर झेरॉक्स आणि एसी, दुसऱ्यावर पिठाची गिरणी किंवा फ्रीज, तिसऱ्यावर फक्त दिवे आणि आपला बोर्ड. न्यूट्रल घट्ट आहे तोवर प्रत्येकाला २३० व्होल्टच मिळतात. तो ढिला झाला किंवा तुटला की फेज-फेजमधले ४०० व्होल्ट लोडच्या प्रमाणात वाटले जातात. ज्या फेजवर लोड जास्त, तिथलं व्होल्टेज खाली येतं. ज्यावर कमी, तिथलं वर जातं. रात्री दुकानं बंद झाल्यावर कमी लोडवाल्या फेजवर उरतो तो आपला बोर्ड, आणि फटका त्यालाच बसतो.

इलेक्ट्रॉनिक चोकच्या आत आधी एसीचं (उलटसुलट वाहणाऱ्या करंटचं) डीसी (एकाच दिशेचा करंट) होतं. २३० व्होल्टच्या लाटेचं टोक साधारण ३२५ व्होल्टवर असतं. त्या हिशेबानं आतला कपॅसिटर ४०० व्होल्टचा दिलेला असतो, चांगल्या मालात ४५० चा. न्यूट्रल ढिला होऊन व्होल्टेज ३०० वर गेलं तर टोक ४२४ वर पोचतं. ४०० वाला कपॅसिटर तिथे फुगतो, फुटतो, आणि जाताना ट्रान्झिस्टर घेऊन जातो. चोक उघडून पाहिलात आणि कपॅसिटरचं डोकं फुगलेलं, आतून तेलकट चिकट पाणी आलेलं दिसलं, तर एक तर हे झालंय, नाही तर उष्णतेनं तो वाळलाय. कोणतं ते सोबतचे चोक सांगतात. एका रात्रीत चार फुगले असतील तर व्होल्टेज. वेगवेगळ्या महिन्यांत फुगले असतील तर उष्णता.

न्यूट्रल ढिला कुठे होतो? बहुतेक वेळा सर्व्हिस वायर आणि आतली वायर जोडलेली असते तिथेच. बाहेरची ॲल्युमिनियमची, आतली तांब्याची, दोन्हींना पीळ देऊन वर काळी टेप गुंडाळलेली. तांबं आणि ॲल्युमिनियम असे एकत्र आले आणि पावसाचं पाणी लागलं की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, जोड गरम होतो, आणखी ढिला होतो. तिथे बायमेटल लग (एका बाजूला तांबं, दुसऱ्या बाजूला ॲल्युमिनियम असलेलं टोक) किंवा त्यासाठीचाच कनेक्टर हवा. पीळ काढून नवा पीळ दिला तर एक पावसाळा निघेल, दुसरा नाही. जोड खांब आणि मीटरच्या मध्ये असेल किंवा डीपीवर (ट्रान्सफॉर्मरपाशी) असेल तर ते वीज कंपनीचं काम आहे. तिथे स्वतः हात घालू नका, तक्रार नोंदवा आणि तोवर बोर्डाचा एमसीबी पाडून ठेवा.

खात्री कशी करायची? बोर्डाच्या एमसीबीवर मीटर लावून शेजारच्या दुकानदाराला मोठा लोड चालू-बंद करायला सांगा. त्याची मोटर सुरू होताना आपल्याकडचं व्होल्टेज *वाढलं* तर न्यूट्रल गेलाय. नुसत्या लोडमुळे कधीच वाढत नाही, कमीच होतं.

कमी व्होल्टेज आणि तांब्याचा चोक

गावठाणाच्या कडेला, ढाब्यावर, पेट्रोल पंपाजवळ संध्याकाळी व्होल्टेज १७०-१८० वर आलेलं सहज सापडतं. रब्बीच्या पाण्याच्या दिवसांत तर नेहमीचंच. नियमाप्रमाणे ते २३० च्या सहा टक्के खाली-वर, म्हणजे साधारण २१६ ते २४४ च्या मध्ये असायला हवं. पण आपल्याला दुरुस्ती नियमाच्या व्होल्टेजवर करायची नाही, मिळतं त्यावर करायची आहे.

तांब्याचा, म्हणजे जुन्या पद्धतीचा जड चोक असेल तर स्टार्टर आधी फिलामेंट तापवतो आणि मग सर्किट तोडतो. तोडताना चोकमधून जो झटका निघतो त्यानं ट्यूब पेटते. व्होल्टेज कमी असेल तर झटका कमी पडतो आणि स्टार्टर पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. ट्यूब टिमटिम-टिमटिम करत राहते. ३६ किंवा ४० वॅटची ट्यूब पेटलेली असताना चोकमधून साधारण ०.४३ अँपिअर जातो. फिलामेंट तापवताना त्यापेक्षा बराच जास्त जातो. म्हणजे न पेटलेली ट्यूब चोकला पेटलेल्या ट्यूबपेक्षा जास्त तापवते. स्टार्टर आत चिकटून बसला तर आणखी वाईट: ट्यूबची दोन्ही टोकं लालसर जळत राहतात, मधला भाग अंधारा, आणि चोक रात्रभर भाजला जातो. सकाळी वार्निश जळाल्याचा वास येतो आणि खापर चोकवर फुटतं. खरा गुन्हेगार तो एवढासा स्टार्टर.

याची तपासणी सोपी. टोकं जळत असताना स्टार्टर फिरवून काढा. ट्यूब लगेच पेटली तर स्टार्टर खराब. स्टार्टर काढल्यावर ट्यूब पूर्ण विझली तर नवा स्टार्टर लावून बघा. तरी नाही पेटली तर ट्यूब संपली आहे. ट्यूब बदलली की स्टार्टर बदलायचाच, ही सवय लावा. त्याची किंमत शिडी पुन्हा लावायच्या मजुरीपुढे काहीच नाही.

एका चोकवर दोन फुटी दोन ट्यूब सिरीजमध्ये लावलेले छोटे बोर्डही असतात. त्यात साधा, सगळीकडे मिळणारा स्टार्टर चालत नाही. सिरीजसाठीचा कमी व्होल्टेजचा वेगळा स्टार्टर लागतो. दुकानात "ट्यूबचा स्टार्टर द्या" म्हटलं की नेहमीचाच हातात पडतो आणि मग बोर्ड एक दिवस पेटतो, एक दिवस नाही.

म्हातारी ट्यूब नव्या चोकला मारते

ट्यूबची टोकं काळी पडली आणि ती अजून पेटते आहे म्हणून कोणी बदलत नाही. आत काय होतं ते असं: एका बाजूच्या फिलामेंटवरचा लेप संपतो. मग करंट एका दिशेला नीट जातो, उलट दिशेला जेमतेम जातो. एसीचं अर्धवट डीसी झालं. तांब्याच्या चोकचा गाभा या डीसीनं भरून जातो, त्याचा अडथळा कमी होतो, करंट वाढतो, चोक तापतो. इलेक्ट्रॉनिक चोक चांगला असेल तर हे ओळखून स्वतःला बंद करून घेतो. स्वस्तातला असेल तर जोर लावत राहतो. ट्यूबचं टोक एवढं तापतं की होल्डरचं प्लास्टिक वितळतं, आणि शेवटी चोकही जातो. नवा चोक टाकताना काळ्या टोकाची ट्यूब तशीच ठेवणं म्हणजे पुढच्या दुरुस्तीची तारीख आताच ठरवणं. जळालेल्या चोकची ट्यूब चोकसोबतच बदला.

होल्डरकडेही बघा. उन्हानं प्लास्टिक कडक आणि ठिसूळ होतं, आतली पितळी पट्टी ढिली पडते. बोर्ड उंचावर असला आणि मे महिन्याचं वादळी वारं सुटलं की पेटी हलते, पिना ठिणग्या टाकतात. पिनेवर काळा ठिपका दिसला तर ट्यूब आणि होल्डर दोन्ही बदला. नुसती घासून पुन्हा बसवू नका.

उष्णता

मराठवाड्यातल्या बोर्डांचं हे खरं दुखणं आहे आणि कुठल्याही चोकच्या डब्यावर ते लिहिलेलं नसतं. थंड देशांमध्ये ट्यूबचे बोर्ड कडाक्याच्या थंडीत पेटत नाहीत म्हणून खास चोक बनवतात. आपल्याला उलटा प्रश्न. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत परभणीचा पारा दहाच्या खाली गेला तरी पहाटे ट्यूब जरा उशिरा पेटते, एवढंच. पण एप्रिल-मेमध्ये सावलीत ४२-४३ अंश असताना पश्चिमेला तोंड असलेली बंद पत्र्याची पेटी आतून भट्टी झालेली असते. बोर्ड दिवसभर बंद होता, म्हणून चोक थंड असेल हा समज चुकीचा. साडेसहाला टायमर लागतो तेव्हा चोक आधीच पोळलेला असतो, आणि त्यावर स्वतःची उष्णता चढते.

चोकवर बारीक अक्षरात टीसी किंवा टीडब्ल्यू आणि पुढे आकडा छापलेला असतो. टीसी म्हणजे इलेक्ट्रॉनिक चोकच्या कवचाच्या ठराविक ठिपक्यावर जास्तीत जास्त चालणारं तापमान. टीडब्ल्यू म्हणजे तांब्याच्या चोकच्या गुंडाळीचं. हा आकडा न बघता चोक घेऊ नका. बाहेरच्या कामाला टीसी ७० पेक्षा कमीचा चोक मी तरी लावत नाही. इलेक्ट्रॉनिक चोकमधल्या कपॅसिटरचं आयुष्य तापमान दर दहा अंशांनी वाढलं की ढोबळमानानं निम्मं होतं. हा हिशेब मनात ठेवला की वरच्या ओळीतले चोक आधी का जातात ते कळतं: गरम हवा पेटीत वर चढते.

उपाय तीन, आणि तिन्ही स्वस्त. पहिला, चोक पेटीच्या माथ्यावरून काढून बाजूच्या भिंतीवर, मध्यउंचीला घ्या. पत्र्याला थेट चिकटवू नका. ॲल्युमिनियमची पट्टी मध्ये घेऊन दहा-बारा मिलिमीटर अंतर सोडा, आणि एकावर एक रचू नका. दुसरा, पेटीच्या दोन्ही बाजूंना वर आणि खाली, तोंड खाली केलेल्या जाळीच्या झडपा बसवा. खालून थंड हवा आत, वरून गरम बाहेर. तिसरा, उन्हाळ्यात टायमर अर्धा-पाऊण तास उशिरा लावा. तसंही मे महिन्यात सात-सव्वासातपर्यंत उजेड असतो, त्याआधी बोर्ड कुणाला दिसतो?

तांब्याचे चोक असतील तर चौथा उपायही आहे. चोक बोर्डातून बाहेर काढून छज्ज्याखाली सावलीत, वेगळ्या लोखंडी डब्यात ठेवा. इलेक्ट्रॉनिक चोकबाबत हे करू नका. त्यातून ट्यूबकडे जाणारा करंट हजारो वेळा उलटसुलट होत असतो, सेकंदाला वीस हजारांहून जास्त. लांब वायरीत तो वाटेतच गळतो, ट्यूब मंद पेटते आणि चोकवर ताण येतो. इलेक्ट्रॉनिक चोकपासून ट्यूबपर्यंतच्या वायरी जितक्या आखूड तितक्या बऱ्या, आणि त्या पेटीच्या पत्र्याला घासत नेऊ नका.

पाणी, धूळ आणि पाली

पाणी नेहमी वरूनच येतं आणि नेहमी खाली साचतं. केबलचं भोक वर असेल तर केबलच्या अंगावरून थेंब आत उतरतो. केबल खालून घ्या, ग्लँड (केबलभोवती भोक घट्ट बंद करणारा तुकडा) लावा, आणि आत शिरायच्या आधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब झोळाच्या टोकावरून गळून जाईल. फ्लेक्स ताणायचे वरचे स्क्रू ही दुसरी वाट. तिथे सिलिकॉन भरा.

आणि खाली मात्र सिलिकॉन भरू *नका*. कित्येक बोर्ड "पॅक" करायच्या नादात खालच्या बाजूनंही बंद केलेले असतात. मग पावसानं आलेलं आणि रात्री आतल्या आत दव धरून झालेलं पाणी निघायला जागाच उरत नाही. तळाला सहा-आठ मिलिमीटरची दोन-तीन भोकं पाडा आणि त्यावर बारीक जाळी लावा. जाळी हवीच, नाही तर गांधीलमाशा घर करतात आणि पाली आत शिरतात. उबेला, किड्यांच्या मागे पाल चोकच्या टर्मिनलपर्यंत पोचते आणि दोन तारांमध्ये चिकटून मरते. अशी वाळलेली पाल शॉर्टचं कारण म्हणून मिळणं आमच्या धंद्यात नवल नाही. जिनिंगच्या परिसरातल्या, सेलू-मानवत-जालन्याकडच्या बोर्डांत कापसाची लोंब साचते. ती तर सरळ आग धरते. दिवाळीआधी पेटी उघडून ब्लोअर मारा.

पावसात आरसीसीबी पडते तेव्हा ती बायपास करून देणारे मिस्त्री आहेत. शेठ खूश होतात. पण पत्र्याची पेटी ओल्या भिंतीवर आहे आणि खाली रस्त्यावर माणसं उभी आहेत. आरसीसीबी का पडते ते शोधा. एमसीबी पाडा, इलेक्ट्रॉनिक चोक काढून ठेवा, फेज-न्यूट्रल एकत्र जोडून त्यांच्या आणि अर्थच्या मध्ये ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजायचा मीटर) लावा. एक मेगाओहमच्या खाली येत असेल तर वायर किंवा होल्डर ओला आहे. होल्डर एकेक सोडवत गेलं की सापडतो. मेगर स्वच्छ आला, तरी पडतेच, तर चोक मोजा. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक चोक आपल्या फिल्टरमधून थोडा करंट अर्थकडे सोडतोच. वीस-बावीस चोक एका ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीवर आणि त्यावरच अख्खं दुकान, असं असेल तर ती काठावरच असते, पावसाची जरा ओल पुरते. बोर्डाला स्वतःची वेगळी आरसीसीबी द्या. दुकानाचा फ्रीज तरी रात्री बंद पडणार नाही.

अर्थिंगबद्दल एक आपल्याकडचं. काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा पाइप मातीपासून अक्षरशः सुटतो. पावसाळ्यात मोजलेली अर्थिंग मे महिन्यात खरी नसते. खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहायचं, आणि मोजायचं ते मे महिन्यात.

चोक खरंच गेलाय का?

तांब्याचा चोक तपासायला शंभर वॅटचा बल्ब त्याच्याशी सिरीजमध्ये लावा. बल्ब जरा मंद पेटला तर चोक ठीक. पूर्ण तेजानं पेटला तर आत शॉर्ट. पेटलाच नाही तर गुंडाळी तुटली. मीटरनं बघायचं तर त्याच मेकच्या नव्या चोकच्या ओहमशी ताडून बघा. नुसत्या आकड्यावरून अंदाज बांधू नका. चोक फेजच्या तारेत आहे ना, तेही त्याच वेळी बघून घ्या.

इलेक्ट्रॉनिक चोकच्या आउटपुटला साधा मीटर लावू नका. तिथली व्होल्टेजची टोकं आणि फ्रिक्वेन्सी त्याच्या कुवतीबाहेरची असते, मीटर खोटं दाखवतो किंवा जळतो. खात्रीची चांगली ट्यूब लावून बघणं हीच चाचणी. आणि जुनं फिटिंग बदलून इलेक्ट्रॉनिक चोक टाकला असेल तर जुना स्टार्टर काढून टाकलाय ना, हे आधी बघा. तो राहून गेल्यामुळे नवा चोक पहिल्याच दिवशी गेलेला मी पाहिलाय.

एमसीबी लावतानाच पडते, नंतर टिकते, हा प्रकार पुष्कळ इलेक्ट्रॉनिक चोक एकदम चालू केल्यानं होतो. सुरुवातीचा झटका मोठा असतो. असा क्षणाचा झटका सोसणारी सी कर्व्हची एमसीबी लावा किंवा बोर्ड दोन भागांत चालू करा. टायमरचे कॉन्टॅक्ट त्याच झटक्यानं चिकटतात, मग बोर्ड दिवसाही पेटलेला राहतो. मोठ्या बोर्डाला टायमरनं कॉन्टॅक्टर (विजेनं चालणारा दणकट स्विच) चालवावा आणि कॉन्टॅक्टरनं बोर्ड. तांब्याच्या चोकचा हिशेब वेगळा: पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी कामी येणारा हिस्सा) निम्म्याच्या आसपास असतो, म्हणून सोळा ट्यूबांच्या बोर्डाचे वॅट सातशेच्या घरात दिसले तरी करंट सातच्या जवळ जातो. वॅट बघून सहा अँपिअरची एमसीबी लावली की ती तापून पडत राहणार. प्रत्येक चोकला साडेतीन-चार मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावून करंट कमी करता येतो. पण बोर्ड स्क्वेअर वेव्हच्या इन्व्हर्टरवर चालणार असेल तर तो कपॅसिटर लावू नका. त्या वेड्यावाकड्या लाटेवर तो भरमसाट करंट ओढतो आणि इन्व्हर्टरसकट जातो.

तांबं की इलेक्ट्रॉनिक

मला विचाराल तर आधी मोजा, मग ठरवा. संध्याकाळी सातला आणि रात्री दोनला, दोन्ही वेळा. कमाल-किमान लक्षात ठेवणारा छोटा डिजिटल व्होल्टमीटर एका रात्रीसाठी प्लगमध्ये लावून ठेवला की काम होतं. रात्री दोनला दुकानाबाहेर उभं राहायची गरज नाही. व्होल्टेज बहुतेक वेळा कमीच असेल आणि २५० च्या वर जात नसेल तर चांगल्या मेकचा, कमी व्होल्टेजवर चालणारा इलेक्ट्रॉनिक चोक. व्होल्टेज उड्या मारत असेल, वीज जवळपास कडाडत असेल, पेटी पश्चिमेला असेल तर तांब्याचा. तो जड आहे, गुणगुणतो, वीज जास्त खातो, पण मार सहन करतो.

दोन्ही प्रकारांत बोर्डाला ओव्हर-अंडर व्होल्टेजचा कटऑफ लावा. १८० ते २६० मध्ये चालू, बाहेर गेला की बंद, आणि परत चालू व्हायला दोन-तीन मिनिटांचा उशीर. न्यूट्रल ढिला होण्याच्या दोषावर बोर्डापुरता हाच एक विमा आहे. आणि प्रत्येक चोकवर बसवल्याची तारीख मार्करनं लिहा. पुढच्या वेळी कोण किती दिवसांत गेला ते तोंडी विचारावं लागत नाही.

एलईडी ट्यूब टाकायची असेल तर

बाजारात मिळणाऱ्या ट्यूबा कमी होणार आहेत, हे गृहीत धरा. पाऱ्याबद्दलच्या मिनामाता कराराखाली २०२३ मध्ये अशा ट्यूबांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचं ठरलं आहे, आणि भारत त्या करारात आहे. तेव्हा एलईडीकडे जाणं ओघानं येतंच. पण तीन गोष्टी. एलईडी ट्यूब थेट २३० वर चालणारी असेल तर चोक आणि स्टार्टर दोन्ही सर्किटमधून काढा. चोकवर चालणारी असेल तर ती तांब्याच्या चोकसाठी आहे की इलेक्ट्रॉनिक, ते डब्यावर वाचा, आणि तांब्याच्या चोकवर सोबत येणारा खोटा (डमी) स्टार्टरच लावा. दुसरं, काही ट्यूबांना एकाच टोकाला दोन्ही तारा लागतात, काहींना दोन टोकांना. चुकीच्या होल्डरमध्ये सरळ शॉर्ट होतो.

तिसरं सगळ्यात जास्त फसवतं. साधी ट्यूब चारही बाजूंना उजेड टाकते. एलईडी ट्यूब एकाच बाजूला. दुतोंडी बोर्डात ती टाकली की रस्त्याच्या एका बाजूनं नाव झळकतं आणि दुसऱ्या बाजूनं काळोख. त्यासाठी दोन्ही बाजूंना चिप असलेल्या ट्यूब घ्या, नाही तर एक वर एक खाली अशा आलटून पालटून फिरवून लावा. फिरवून लावल्या तर संख्या वाढवावी लागते, नाही तर फ्लेक्सवर पट्टे दिसतात. पेटीची खोली जेवढी, साधारण तेवढंच अंतर एकाच बाजूला बघणाऱ्या दोन ट्यूबांमध्ये ठेवा.

उतरवलेल्या जुन्या ट्यूबा उकिरड्यावर फेकू नका, आणि पोरांच्या हातात तर मुळीच देऊ नका. आत पारा असतो. एखादी फुटलीच तर दारं-खिडक्या उघडा, झाडू न मारता ओल्या कागदानं टिपून घ्या, आणि सगळं बंद डब्यात घालून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.